आधारवर अठरा, रजिस्टरात पंधरा: भाचीचं लग्न थांबवताना

बालविवाह दिसला की 1098 ला फोन करा, असं बसस्टँडपासून अंगणवाडीपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. बरोबर आहे. फोन लागतो, रात्रीसुद्धा लागतो आणि आपलं नाव गुप्त ठेवतात. पण पुढे सगळं शाळेतल्या कपाटाच्या किल्लीपाशी येऊन अडतं, हे कुठल्याच भिंतीवर लिहिलेलं नाही. माझा त्या कपाटावरचा राग अजून गेलेला नाही.

मुलगी माझ्या थोरल्या बहिणीची. जिल्हा बीड, गावाचं नाव सांगणार नाही, पोरीची ओळख उघड व्हायला नको. दहावीत आहे, पंधरा पूर्ण. ताई आणि दाजी दरसाल ऊसतोडीला जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. मुलाकडच्यांना हंगामाआधी जोडी हवी होती, आणि दाजींना वयात आलेली लेक सहा महिने म्हाताऱ्या आजीच्या भरोशावर टाकून जायची धास्ती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. दाजी काही राक्षस नाहीत, हे त्यांच्याशी कडाकडा भांडतानाही मला ठाऊक होतं.

पत्रिका छापलीच नव्हती. ‘नुसता साखरपुडा हाय’ म्हणत होते. साखरपुड्यातच अक्षता टाकून मोकळं व्हायची रीत आता सगळ्यांना माहीत आहे. भाचीनं चोरून फोन केला, ‘मावशी, शनिवारी हाय,’ आणि मी 1098 लावला. मग भराभर हललं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून उलट फोन आला, ग्रामसेवकांना निरोप गेला (खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात), ठाण्यातून महिला पोलीस आल्या. दाजींनी शांतपणे आधार कार्ड पुढं केलं. जन्मतारीख 1 जानेवारी, आणि साल असं की पोरगी अठरा ओलांडून गेलेली.

आमच्या वस्तीत कॅम्प लावून कार्डं काढली तेव्हा ज्याला तारीख सांगता आली नाही त्याला 1 जानेवारी मिळाली. निम्म्या वस्तीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. पण कार्ड बघून ग्रामसेवक म्हणाले, ‘शाळेचा उतारा आणा, मग बघू.’

म्हणून शाळेत गेले. लिपिकांनी मान वर न करता विचारलं, ‘पालक का?’

‘मावशी आहे.’

‘मग पालकाचा अर्ज लागंल.’

‘अहो, पालकच तर लग्न लावतायत!’

‘ते तुमचं घरचं झालं.’

मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले. चार्ज ज्या सरांकडे होता ते म्हणाले, सहीचे अधिकार माझ्याकडे नाहीत. रजिस्टर कपाटात, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या पिशवीत. त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, सोमवारी या. लग्न शनिवारी! मी आवाज चढवला तेव्हा चार्जवाले सर मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि हळूच बोलले, ‘बाई, मुलाचा चुलता शाळा समितीवर आहे. मला इथंच नोकरी करायचीय.’ त्या दिवसात ऐकलेलं तेवढं एक वाक्य खरं वाटलं. पण त्याचा मला उपयोग काय? मी तिथल्या बाकावर बसून राहिले. मधली सुट्टी झाली, खिचडी वाटून झाली, शिपायानं दोनदा अंगण झाडलं.

दरम्यान भाचीनं नववीच्या प्रगतिपुस्तकाचा फोटो पाठवला. त्यावर जन्मतारीख असते, हे त्या गडबडीत मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्या फोटोवर पोलिसांनी दाजींना तात्पुरती तंबी दिली, मंडपवाल्यालाही दिली. कारण 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणारा, जुळवणारा, हजर राहणारा असे सगळेच येतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. मंडपवाला लगेच बांबू घेऊन गेला.

उतारा शेवटी निघाला तो बाल संरक्षण कक्षाच्या पत्रानं. ‘वयपडताळणीसाठी प्रवेश-निर्गम उतारा तात्काळ द्यावा,’ एवढ्या दोन ओळी मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर आल्या, आणि किल्ली शिपायाच्या खिशातच निघाली! म्हणून सांगते, उतारा स्वतः मागायला जाऊच नका. पहिल्या फोनवरच म्हणा, शाळेला पत्र पाठवा. आधार दाखवून कुणी गप्प करायला लागलं तर बाल न्याय कायद्याचं कलम 94 सांगा: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधारचं त्यात नावच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका नुकसानभरपाईच्या खटल्यात आधारवरची जन्मतारीख पुरावा म्हणून धरली नाही.

बालकल्याण समितीपुढचं काम त्या मानानं सोपं गेलं. भाचीला एकटीला बसवून विचारलं, दाजींकडून अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं हमीपत्र घेतलं, वसतिगृहाची सोय झाली. ताई-दाजी तोडीला गेले. ताई माझ्याशी बोलत नाही. भांड्यांचे पैसे बुडाले ते माझ्या नावावर आहेत. असू देत.

हो, एक राहिलं. हाताशी थोडे दिवस असतील तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो; तो मोडून लावलेलं लग्न कायद्यानं मुळातच रद्दबातल ठरतं. आणि शेजारच्या वाडीतल्या एकीनं मला विचारलं, लागूनच गेलं असलं तर? तर मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत ते रद्द करून मागू शकते. ती अजून अठराच्या आतली असेल तर पालक किंवा जवळचं माणूस तिच्या वतीनं अर्ज करतं, सोबत बालविवाह प्रतिबंधक अधिकारी लागतात. मला विचारणारीची सून सतराची आहे.