एका कोंबडीचा हिशेब

‘आठवड्यातून दोनदा चिकन, तेही पाच माणसांच्या घरात! परवडतं कसं हो तुम्हाला?’

हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. विचारणारे बहुतेक स्वतः घर चालवणारे असतात. खर्चाच्या वहीत एक आकडा वाढला की दुसरा कुठून कमी करायचा, हे त्यांना दर महिन्याला ठरवावं लागतं. त्यामुळे मला हा प्रश्न कधी भोचक वाटला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ही की आमचा चिकनवरचा खर्च पूर्वीपेक्षा कमी आहे. पूर्वी मी किलोचा भाव बघायचो, आता ताटात काय भावाने पडलं ते बघतो. बाकी सगळं त्यातून आलं.

सुरुवात वडिलांच्या आजारपणापासून झाली. मोठ्या दुखण्यातून ते उठले तेव्हा हातपाय काटक्यांसारखे झाले होते. डॉक्टरांनी जेवणात प्रथिनं वाढवायला सांगितली, आणि नेमक्या त्याच वर्षी घरात दोनाचा एकच पगार उरला होता. वडिलांना चावायला त्रास, म्हणून मी बोनलेस आणायचो. तयार तुकडे, हाड नाही, काही वाया जात नाही, असा माझा समज. महिन्याची वीस तारीख उलटली की मात्र ते आणणं बंद व्हायचं, आणि वडील काही न बोलता पानात असेल ते जेवायचे. ते न बोलणं मला सहन होईना. एका रविवारी मी अख्खी, साफ केलेली कोंबडी आणली आणि वजनकाटा पुढ्यात घेऊन बसलो.

त्या दिवशीचं वहीतलं पान अजून आहे. कोंबडी १५०० ग्रॅम. छातीचं मांस, हाडावरून सोडवलेलं, ३८० ग्रॅम. दोन्ही तंगड्या मांडीसकट ४८०. पंख १६०. पाठ, मान आणि छातीचा पिंजरा मिळून ३७०. कातडी आणि चरबी ११०. तंगड्यांमधली हाडं काढून पुन्हा तोललं तर निव्वळ मांस ३४० भरलं. पंखांना आणि सांगाड्याला चिकटलेलं मांस दीडशेच्या आसपास धरलं. एकूण ८७०, म्हणजे दीड किलोतून निम्म्याहून थोडं जास्त मांस.

आकडा बघून आधी माझा चेहरा पडला, कारण सहाशे ग्रॅमच्या वर हाडं आणि कातडी मी पैसे मोजून आणली होती. मग भागाकार केला. मांस अठ्ठावन्न टक्के निघत असेल, तर अख्ख्या कोंबडीच्या दराला साधारण पावणेदोनने गुणायचं. बोनलेसचा दर त्या आकड्याच्या वर असेल तर अख्खी घेणं स्वस्त, खाली असेल तर बोनलेस स्वस्त. एवढी एक आकडेमोड दुकानात उभ्या उभ्या करता येते. नुसत्या तंगड्या घेताना दीडला जरा कमी अशा पटीने गुणायचं, कारण त्यांच्यात हाडाचं वजन तीस टक्क्यांच्या आसपास असतं. कोंबडी जिवंत तोलून देत असतील तर हिशेब आणखी बदलतो. पिसं, पोटातलं, डोकं आणि पाय जाऊन जिवंत वजनाच्या सत्तर-पंचाहत्तर टक्केच साफ कोंबडी हातात येते. भाव कुठल्या वजनाचा आहे, हे आधी विचारून घ्या.

मी तेव्हा घेत होतो ते बोनलेस अख्ख्या कोंबडीच्या दराच्या अडीच पटीच्या वर होतं. माझा महिना विसाव्या तारखेला का संपायचा, ते मला त्या पानावर दिसलं.

अर्थात हाडं टाकूनच देणार असाल तर या सगळ्यात तुमचा फायदा बेताचाच. सांगाडा आमच्याकडे फ्रीजरमधल्या एका पिशवीत जातो. दोन-तीन साठले की मोठ्या पातेल्यात टाकायचे, बुडतील इतकं गार पाणी घालायचं, एखादा कांदा आणि चार मिरे टाकायचे आणि मंद आचेवर तीन तास ठेवायचं. कुकर असेल तर पाऊण तास पुरतो. खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर पाणी गढूळ होतं. गाळून गार केलं की सकाळी फ्रीजमध्ये ते थरथरतं, चमचा घातला तर कापलं जातं. हाडांतलं आणि कूर्चांमधलं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन झालेलं असतं. वर जमलेली पिवळसर चरबी काढून मी कांदा परतायला ठेवतो. खालच्या पाण्यात डाळ, भात, भाजी काहीही शिजवा. त्या दिवशी मांसाचा तुकडा नसला तरी घरात कोणी तक्रार करत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मीही त्यात होतो. हे पाणी म्हणजे ताकद असं समजून मी वडिलांना नुसतं तेच वाटीवाटीने देत होतो. त्यात चव असते, थोडं जिलेटिन असतं, पण प्रथिनं मांसाच्या मानाने फारच कमी. शंभर ग्रॅम कच्च्या छातीच्या मांसात बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं असतात, मांडीच्या मांसात एकोणीस-वीस. म्हणून त्या वाटीत मांसाचे बारीक धागे आणि शिजलेली डाळ घालायला लागलो. वाटी तीच, पण तिच्यात आता आजारी माणसाला उपयोगी पडेल असं काही होतं.

आठवड्याची विभागणी अशी. एक कोंबडी, ८७० ग्रॅम मांस, पाच माणसं. दोन जेवणांत वाटलं की माणशी, एका वेळी, पाऊणशे ते शंभर ग्रॅम कच्चं मांस येतं. ऐकायला कमी वाटेल, पण ते डाळीसोबत किंवा बटाट्यासोबत शिजवलं की ताट भरलेलं दिसतं आणि पोटही भरतं. सांगाड्याच्या पाण्यावर तिसरं जेवण निघतं. एका गोष्टीवर मी आजही ठाम आहे: कितीही काटकसर केली तरी चिकन हे सगळ्यांत स्वस्त प्रथिन होत नाही. डाळी त्याहून स्वस्त पडतात. ज्या महिन्यात ओढाताण असते त्या महिन्यात आम्ही कोंबडी एक आठवडा गाळतो आणि डाळ वाढवतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

तुकडे करण्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. मलाही वाटायची, कारण मी हाड कापायला जायचो. हाड कापायचंच नसतं, सांधा शोधायचा असतो. तंगडी धडापासून बाजूला ओढा, ताणलेली कातडी कापा आणि तंगडी मागे वाकवा. खुबा टचकन बाहेर येतो आणि पांढरा गोल गोळा दिसतो. सुरी त्याच्या कडेने गेली की तंगडी हातात. मग तंगडी आतल्या बाजूने वर करून बघा. मांडी आणि खालचा पाय जिथे जुळतात तिथे चरबीची बारीक रेघ असते. सांधा त्या रेघेखालीच असतो, सुरी तिथे लोण्यात गेल्यासारखी जाते. सुरी अडली तर जोर लावू नका, पात्याची जागा थोडी सरकवा. छातीसाठी मधल्या उभ्या हाडाच्या एका बाजूने, पातं हाडाला घासत खाली यायचं. पहिल्या खेपेला मला पाऊण तास लागला होता आणि सांगाड्यावर बरंच मांस राहिलं होतं. ते काही फुकट गेलं नाही, पातेल्यातच गेलं.

कच्ची कोंबडी नळाखाली धुवू नका. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी चिरून ठेवलेल्या भाजीवर जातात. धुण्याने ते मरत नाहीत, शिजवल्याने मरतात. कापायचा पाट, सुरी आणि हात साबणाने स्वच्छ धुतले की झालं.

शिजवण्यातही पैसा वाचतो किंवा जातो, याकडे कोणी बघत नाही. छातीचं मांस नीट शिजलं तरी पाव वजन पाण्याच्या रूपाने सोडतं. जास्त शिजवलं तर त्याहून बरंच अधिक जातं आणि उरतो तो चोथा. मी सांगितलेल्या सगळ्या आकडेमोडीचा फायदा त्या जास्तीच्या दहा मिनिटांत वाफ होऊन उडतो. म्हणून मी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतला. मांसाच्या सगळ्यांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा. ७४ अंश सेल्सिअस दिसले की मांस खायला सुरक्षित आणि छाती उतरवायची वेळ. तंगडीचं उलट असतं. तिच्यात चिवट तंतू जास्त, ते मऊ व्हायला वेळ हवा, म्हणून तिला ८०-८५ अंशांपर्यंत निवांत शिजू द्यावं. दोन्ही एकाच पातेल्यात एकाच वेळी टाकले की एक कोरडं होतं नाहीतर दुसरं चिवट राहतं. तंगड्या आधी, छाती नंतर. आदल्या रात्री अर्धा किलो मांसाला चहाचा सपाट चमचाभर मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवलं तर छातीसुद्धा रसदार राहते, मग शिजवताना वेगळं मीठ घालू नका. वडिलांच्या वाटीसाठी मी असंच करतो. गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा वाटी बाजूला सारून तंगडी मागितली.

आता माझी चूक. एकदा दर उतरले होते म्हणून चार किलो तुकडे एकदम आणले आणि पिशवीसकट फ्रीजरमध्ये कोंबले. त्याचा एक दगड झाला. हवं होतं किलोभर, पण तोडता येईना, म्हणून सगळाच गोळा रात्रभर ओट्यावर ठेवला. सकाळी बाहेरचा थर कोमट आणि चिकट, आत बर्फ. जवळजवळ दीड किलो टाकून द्यावं लागलं, स्वस्त मिळालेलं सगळं तिथेच महाग झालं. तेव्हापासून आणल्या आणल्या एका जेवणापुरती पाकिटं करतो, हवा काढून तळहाताएवढी सपाट, वर तारीख. सपाट पाकीट लवकर गोठतं, लवकर सुटतं आणि एकावर एक नीट रचता येतं. आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात, ताटलीत काढून ठेवायचं. अख्खी गोठलेली कोंबडी सुटायला फ्रीजमध्ये पूर्ण दिवस लागतो. कच्चं मांस फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, शिजवलेलं तीन-चार दिवस, आणि शिजवलेलं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही. उणे १८ अंशांना तुकडे नऊ महिनेही टिकतात, पण आमच्याकडे दोन महिन्यांच्या वर काही राहत नाही.

गोठलेलं तयार पाकीट घेताना बारीक अक्षरं वाचा. मीठ-पाणी घातलेलं आहे असं लिहिलं असेल तर तुम्ही पाण्यालाही चिकनचा भाव देताय. एकदा पाकीट सुटल्यावर निथळलेलं पाणी तोलून बघा, मग पुढच्या वेळी काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. कलेजी आणि पेटा (कोंबडीचं जठर) वेगळा मिळत असेल तर तो बहुधा स्वस्त असतो. कलेजीत लोह आणि जीवनसत्त्व बी-१२ भरपूर. जीवनसत्त्व ए मात्र इतकं असतं की ती रोज खाऊ नये, आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

राहिला वेळेचा प्रश्न. कोंबडी कापायला आता मला बारा-पंधरा मिनिटं लागतात, पाकिटं भरून ओटा पुसेपर्यंत अर्धा तास. पहिल्यांदा करणार असाल तर सुट्टीचा दिवस धरा, वही आणि वजनकाटा जवळ ठेवा, आणि त्याआधी सुरीला धार लावून आणा.