टेल्युरियम आधी का?

भाचीने परवा आवर्तसारणीतल्या क्लोरीनच्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "मावशी, 35.45 कसं काय? न्यूट्रॉन अर्धामुर्धा असतो का?" प्रश्न इतका नेमका होता की मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

अर्धा न्यूट्रॉन नसतोच. क्लोरीनच्या प्रत्येक अणूत प्रोटॉन 17 च, तोच त्याचा अणुअंक. न्यूट्रॉन मात्र काहींत 18, काहींत 20. निसर्गात पहिल्या प्रकारचे अणू साधारण 76 टक्के, दुसऱ्या प्रकारचे 24 टक्के. चौकटीत छापतात ती या मिश्रणातल्या अणूंच्या वस्तुमानाची सरासरी. तिने वहीत 35 (17 + 18) आणि 37 (17 + 20) घेऊन टक्क्यांशी गुणाकार करून बेरीज केली, उत्तर 35.48 आलं. उरलेला फरक समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळे न्यूट्रॉन असलेल्या अणूंची, वस्तुमानं पूर्णांकात नसतात म्हणून.

मग मी तिला माझी सगळ्यात आवडती जागा दाखवली: टेल्युरियम 127.60, पुढे आयोडीन 126.90. जड आधी, हलकं नंतर! आवर्तसारणी रचणाऱ्या मेंडेलीव्हने गुणधर्म पाहून हा क्रम लावला, पण टेल्युरियमचं वजनच चुकीचं मोजलंय असं त्याला वाटत होतं. वजन बरोबरच होतं. 1913 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्लीने मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजले आणि खरा क्रम अणुकेंद्रातल्या प्रभाराचा, म्हणजे अणुअंकाचा, हे दाखवलं. टेल्युरियम 52, आयोडीन 53. दोनच वर्षांनी तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वयाच्या 27 व्या वर्षी. मला अजून हळहळ वाटते.

भाची आता आर्गॉन आणि पोटॅशियमच्या चौकटी निरखतेय. तिथेही तसंच आहे, हे मी सांगितलेलं नाही.