आंग्र्यांसाठी चिलखती जहाज आखताना

आमच्या ग्रुपच्या युद्धखेळात कुलाब्याचं आंग्र्यांचं संस्थान खालसा झालेलंच नाही. इतिहासात ते इंग्रजांनी गिळलं. खेळात मात्र १८६८ साल उजाडलं तरी अलिबागेत आंग्रेच आहेत आणि त्यांना चिलखती, म्हणजे लोखंडी पत्र्यांनी मढवलेली, जहाजं हवी आहेत. आरमाराचं खातं माझ्या गळ्यात पडलं. दिवाण झालेल्या मित्राची मागणी सुटसुटीत होती, “फिरत्या बुरुजांची दोन जहाजं काढ. इंग्रज बघत राहिला पाहिजे.” फिरता बुरूज म्हणजे डेकवर गोल फिरणारी, आत तोफा असलेली चिलखती कोठी.

नाव लगेच ठरलं, ‘सुवर्णदुर्ग’ वर्ग (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावरची जहाजं). बाकीच्या गोष्टींनी घाम काढला.

नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. १८७० मध्ये पाण्यात उतरलेली ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ ही बुरूजवाली जहाजं मुंबई बंदराच्या रक्षणासाठीच बांधलेली होती. नावं इंग्रजांच्या ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, मोहिमेवरून. मॅग्डाला हा तिथला डोंगरी किल्ला. म्हणजे जहाजाला किल्ल्याचं नाव द्यायची आमची हौस अगदीच जगावेगळी नव्हती. ‘मॅग्डाला’ २२५ फूट लांब, ४५ फूट रुंद. दोन बुरूज, प्रत्येकात दहा इंची दोन तोफा, त्याही तोंडाकडून ठासायच्या. एकेक तोफ १८ टनांची.

दिवाणसाहेबांना तीन बुरूज हवे होते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक चौरस फुटाचा, एक इंच जाडीचा लोखंडी पत्रा साधारण ४० पौंड भरतो. बावीस फूट व्यासाचा, सात फूट उंचीचा बुरूज नऊ इंच जाडीने मढवला, तर नुसतं चिलखतच ७८ टनांच्या आसपास जातं. त्यात दोन तोफांचे ३६ टन. तोफगाडे, चिलखतामागचं सागवान, खालचं रोलरचं कडं हे सगळं वेगळंच. आणि हे ओझं पाण्याच्या वर, उंचावर. तिसरा बुरूज तिथेच कटाप झाला.

मग त्याने दुसरा हट्ट धरला. जहाज पाण्याला इतकं टेकलेलं का? डेकवरून लाटा जाणार, शोभतं का आंग्र्यांच्या आरमाराला? पुन्हा तीच पेन्सिल. दोन्ही कुशी मिळून साडेचारशे फूट लांबी. चिलखती कूस फक्त एक फूट उंच करायची आणि आठ इंच जाडी ठेवायची, तर सुमारे ६४ टन वाढतात. म्हणजे एका फुटाला जवळजवळ एका बुरुजाचं चिलखत. ब्रिटिश नौदलाची जहाजं आखणाऱ्या एडवर्ड रीडने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. त्याने सगळं जहाज उंच केलंच नाही. फक्त मधल्या भागाभोवती चिलखती कठडा उभारला, ज्याला ब्रेस्टवर्क म्हणतात, आणि बुरूज त्यात बसवले. तोफा पाण्यापासून वर आल्या, डेकमधली खाली उतरायची तोंडं झाकली गेली आणि दोन्ही टोकं बुटकीच राहिली. मी हा कठडा जसाच्या तसा उचलला. खेळात स्वामित्वहक्क लागत नाही.

शिडांवरून मात्र खरी जुंपली. कोळसा बाहेरून आणावा लागणार, मग वारा फुकट असताना डोलकाठ्या का नकोत, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फिरत्या बुरुजाचा इंग्लंडमधला मोठा पुरस्कर्ता काउपर कोल्स यालाही तसंच वाटत होतं. त्याचं ‘कॅप्टन’ म्हणजे बुटकं जहाज, जड बुरूज आणि वर पूर्ण शिडं. ७ सप्टेंबर १८७० ला मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळच्या समुद्रात ते उलटलं, सुमारे पावणेपाचशे माणसं गेली, खुद्द कोल्ससुद्धा. हे वाचून दाखवल्यावर दिवाण जरा नरमला.

तरी प्रश्न उरलाच. आंग्र्यांकडे एवढ्या जाडीचे पत्रे लाटणारा कारखाना कुठला? डेन्मार्क, पेरू यांनी बुरूजवाली जहाजं ब्रिटनमध्येच बांधून घेतली, तशी आमचीही टेम्सकाठी बांधायची. बंदराची राखण करायला केलेलं जहाज इंग्लंडहून अलिबागेला यायचं कसं? ‘मॅग्डाला’ने १८७०-७१ च्या हिवाळ्यात तात्पुरत्या तीन डोलकाठ्या लावून मुंबई गाठली होती. आम्हीही तेच कलम करारात घातलं. शिडं फक्त प्रवासापुरती, पोचल्यावर काठ्या उतरवायच्या. दोघांचीही अब्रू राहिली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो गोदीने, आणि हा भाग कोणाच्याच डोक्यात नव्हता. आपल्या उबदार पाण्यात लोखंडी तळाला शिंपले आणि शेवाळ भराभर धरतं, वेग पडतो. तळ खरवडायला सुकी गोदी हवी. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत कातळात खोदलेली मराठ्यांची जुनी गोदी आहे, पण ती लाकडी गुराबा-गलबतांच्या काळातली. पंधरा फूट पाणी मागणारं चिलखती धूड तिथे घालायचं, तर आधी खाडीचा गाळ काढा, मग गोदी खोल करा. पंचाने त्याचा खर्च लावला तो जवळपास अख्ख्या जहाजाएवढा. दुसरी सोय मुंबईत, म्हणजे इंग्रजांच्या हातात. ज्याला दरारा दाखवायचा, त्याच्याच दारात तळ साफ करायला जायचं!

“मग एकच जहाज घे, उरलेल्या पैशात गोदी कर,” असं मी सुचवलं. दिवाण बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “एक जहाज म्हणजे वर्ग कसला रे?”

शेवटी मंजूर झालं ते असं: ‘सुवर्णदुर्ग’ आत्ता, ‘विजयदुर्ग’ गोदी पूर्ण झाल्यावर. पाण्याखाली दोन पंखे (प्रोपेलर), दोन बुरूज, चार तोफा, वेग साडेनऊ नॉट. ‘ॲबिसिनिया’चाही साधारण तेवढाच होता, त्यामुळे पंचाने हरकत घेतली नाही. बार झाल्यावर तोफा पुन्हा भरायला एक पूर्ण फेरी जाते, हा नियम मीच आग्रहाने घातला. त्यावर जंजिऱ्याचा सिद्दी खेळणारी मैत्रीण खूश आहे. तिच्याकडे चिलखती जहाज नाही, पण किनाऱ्यावर तोफा भरपूर आहेत, आणि तिने फेऱ्या मोजायला सुरुवातही केली आहे.