तुम्ही विचारलंत म्हणून: दुखणं पोटाचं की डोक्याचं?

"डिप्रेशन पोटातूनच येतं म्हणे, मग गोळ्या कशाला, आधी पोट सुधार की!" हे मला इतक्या जणांनी इतक्या मायेने ऐकवलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

तुमचं हुकमी वाक्य ठरलेलं, शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन, म्हणजे मूडशी जोडलं जाणारं ते रसायन, आतड्यात बनतं. बनतं ना, कोण नाही म्हणतंय? पण ते मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो, हे पुढचं वाक्य मात्र कुणी सांगत नाही.

संबंधच नाही असंही नाही हं. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हचे बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडेच निरोप नेतात. २०१९ला बेल्जियममधल्या एका अभ्यासात डिप्रेशनवाल्यांच्या आतड्यात कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे बॅक्टेरिया कमी सापडले. पण ते कमी झाले म्हणून माणूस खचला, की खचलेला माणूस धड जेवत-झोपत नाही म्हणून ते कमी झाले, हे त्यावरून कळत नाही.

आणि खरं सांगू, मी आजारी पडले तेव्हा मलाही पोटाचाच आजार हवा होता. पोट बिघडलं म्हणून बिनदिक्कत सुट्टी मागता येते.

सकाळी उठलं की मळमळ, घास उतरायचा नाही, वजन घटत चाललेलं, म्हणून एंडोस्कोपी केली. डॉक्टरांनी रिपोर्टमधले फोटो पुढे केले, गुलाबी, ओलसर, स्वच्छ जठर. "बघा किती छान आहे, काही झालेलं नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका." स्प्रेने घसा अजून बधिर होता, थुंकीसुद्धा नीट गिळता येत नव्हती आणि मी त्या फोटोंकडे बघून रडायला लागले. बाहेर ताई खुशीत एकेकाला फोन लावून "नॉर्मल आहे, नॉर्मल आहे" सांगत होती, आणि मला वाटत होतं एखादा अल्सर तरी निघायचा. छोटासा. दाखवता येईल इतका.

पुढे सायकिअ‍ॅट्रिस्टकडे गेले तर त्यांनी आधी काय विचारावं? भूक लागते का, पोट साफ होतं का! डोक्यासाठी दिलेली गोळीही सुरुवातीला पोटालाच लागली, पुन्हा मळमळ, कारण ती सेरोटोनिनवर काम करते आणि ते आतड्यातही आहेच. म्हणजे तुम्ही अगदीच चूक नाही, पण म्हणून गोळी बंद करू? नाही करणार.

आता बरी आहे. कशाने ते विचारू नका, गोळी, थेरपी, झोप, वेळेवर जेवण सगळं एकदमच सुरू केलं होतं. मळमळ आधी गेली की उदासी, तेही आठवत नाही.