एक्स-रे उत्तम, तरी गुडघा दुखतोच

काकू सदाशिव पेठेतल्या, वय 68. उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट दुसरीकडे होऊन दीड वर्ष झालं होतं, दुखणं मात्र हटत नव्हतं. एक्स-रे सुरेख. इम्प्लांट जागच्या जागी, सिमेंट घट्ट. "सगळे म्हणतात ऑपरेशन छान झालंय, तुम्हीच मनाला लावून घेता," असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले. या ऑपरेशननंतर साधारण पाचांतला एक रुग्ण समाधानी नसतो. त्यांतल्या कितीतरी जणांची अशीच बोळवण होते, याची मला चीड येते.

"काकू, नेमकं कधी दुखतं?"

"वाड्याचा जिना चढते कशीबशी. उतरताना गुडघा निसटेल असं वाटतं. संध्याकाळी सुजतो."

त्यांना टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं. मांडी सैल ठेवायला सांगितली आणि नडगीचं हाड दोन्ही हातांनी धरून पुढे ओढलं. जवळजवळ सेंटिमीटरभर सरकलं. काकू दचकल्या, "हेच! हेच होतं उतरताना!" पाय सरळ केला की सांधा घट्ट, काटकोनात वाकवला की ढिला. हाडांमधली जागा पाय सरळ असताना आणि वाकवल्यावर सारखी जुळावी लागते. इथे वाकवल्यावर ती जास्त होती. एक्स-रे काढले होते उभं करून, पाय सरळ ठेवून. त्यात हे दिसणार कुठून?

पण एक कारण सापडलं म्हणून थांबता येत नाही. जंतुसंसर्ग गुपचूप राहू शकतो. ईएसआर, सीआरपी या सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल होत्या, तरी मधे कुणीतरी अँटिबायोटिक दिलेलं, त्यानं संसर्ग झाकला जाऊ शकतो. ते बंद करून दोन आठवडे थांबलो, मगच सांध्यातलं पाणी काढलं. पांढऱ्या पेशी संसर्गाची शंका यावी अशा 3,000 च्या मर्यादेपेक्षा खूप खाली, कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच वाढलं नाही. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, म्हणून खुबा आणि कंबरही तपासली. दोन्ही ठीक.

मुलानं विचारलं, "मग परत उघडायचा का?"

"लगेच नाही. आधी काही महिने मांडीच्या स्नायूंचा नेटानं व्यायाम. तेवढ्यानं भागलं नाही तर रिव्हिजन, म्हणजे बसवलेला सांधा बदलायचं ऑपरेशन. त्यात नुसतं मधलं प्लॅस्टिक जाड घालून बहुधा भागत नाही, मांडीच्या हाडावरचा भागही बदलावा लागतो. तो निर्णय नंतर."

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. "तोवर जिना उतरायचा कसा?"

"कठडा धरून, आणि दुखरा पाय आधी खाली."