ठसका लागतो, वास येत नाही

मे महिन्यात नागपुरात आमच्या एमआरआयच्या खोलीइतकी थंड जागा शोधून सापडायची नाही. ती थंडी यंत्रासाठी असते. बाहेर बाकावर बसणाऱ्यांच्या वाट्याला कूलर. त्या दिवशी सकाळीच कूलरला वाळ्याची नवी ताटी लावली होती, आणि त्या ताटीमुळेच पुढचं सगळं घडलं.

मी रेडिओलॉजिस्ट. रोग्यांशी बोलायची वेळ आमच्यावर कमीच येते. अंधाऱ्या खोलीत बसायचं, काळीपांढरी चित्रं वाचायची आणि रिपोर्टवर सही करायची. पण भिवापूरकडून आलेला तो साडेचार वर्षांचा मुलगा बघायला मी मुद्दाम बाहेर गेले. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात बसवायचं यंत्र, ते बसवायच्या आधीचा स्कॅन होता. डोळे निळेशार, कपाळावर पांढऱ्या केसांची एक बट. बघताक्षणी निदान डोक्यात आलं. 1951 मध्ये वार्डनबर्ग नावाच्या डच नेत्रतज्ज्ञाने या लक्षणांची मोट बांधली, तेव्हापासून या आजाराला त्याचंच नाव आहे. त्वचेला, केसांना, बुबुळाला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही असतात. तिथे त्यांचा रंगाशी संबंध नसतो, कानातल्या द्रवातलं पोटॅशियम त्या सांभाळतात. त्या पोहोचल्याच नाहीत, तर डोळे निळे राहतात आणि कान मुके.

मुलाला गुंगीचं औषध पाजलं होतं. तो पेंगायची वाट बघत आजी बोलत होती. "किती गोड वास येऊन राह्यला जी वाळ्याचा!" मग नातवाकडे बघत म्हणाली, "याले काई समजत नाई. नासलं दूध बी गटागटा पिते."

मी थबकले. "आजी, याला वास येत नाही का?"

बाप मध्येच बोलला, "नाक तर लय तेज हाये, मॅडम. याची माय मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडाले जाते ना, तिथं सगळ्यांच्या आंधी हाच ठसकते."

इथेच घरचे फसले होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही फसले असते. मिरचीचा ठसका म्हणजे वास नव्हे. नाकाची, घशाची आग मेंदूला कळवणाऱ्या नसा वेगळ्या, वासाची नस वेगळी. पहिल्या शाबूत असतील, तर वास न येणारं मूलही फोडणीला शिंकतं, खोकतं, डोळे चोळतं. ऐकू न येणारं, न बोलणारं मूल 'मला वास येत नाही' हे सांगणार तरी कसं?

स्कॅन सुरू झाला. आतल्या कानातला शंखाकृती कॉक्लिआ ठीक, श्रवणाची नस ठीक, पण तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका नीट बनलेल्या नव्हत्या. एरवी मी इथेच थांबते. कारण विचारलेलं असतं ते कानाबद्दल. त्या दिवशी टेक्निशियनला म्हटलं, नाकाच्या छताचे समोरून बारीक काप घे. तो कुरकुरला. गुंगी उतरत आली होती आणि बाहेर आणखी दोघं ताटकळत होती. तरी घेतले.

नाकाच्या छतावर, मेंदूच्या पुढच्या भागाखाली डावी-उजवीकडे ज्वारीच्या दाण्याएवढे दोन ठिपके दिसायला हवेत. ते ऑलफॅक्टरी बल्ब, वासाचं मेंदूतलं पहिलं ठाणं. तिथे काहीच नव्हतं.

निळे डोळे, बहिरेपण, बिघडलेल्या नलिका आणि गायब बल्ब. एवढं एकत्र दिसलं की बोट सॉक्स-10 या जनुकाकडे जातं. हे जनुक रंगपेशींचं मुकादम. रंगपेशींचं दुसरं मोठं नियंत्रक जनुक एमआयटीएफ, त्यालाही हेच कामाला लावतं. पण याची हुकमत रंगापुरती नाही. नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या वासाच्या तंतूंना लपेटून वाट दाखवणाऱ्या पेशींनाही हे जनुक लागतं. त्या पेशी नसल्या की तंतू भरकटतात.

एमआयटीएफचंही वासाशी नातं निघालं आहे. आइसलँडच्या संशोधकांनी 2020 मध्ये उंदरांवर दाखवलं, की बल्बमधून पुढे निरोप नेणाऱ्या चेतापेशींमध्ये ते हजर असतं. पेशी फार कामाला लागली की ते पोटॅशियमच्या एका वाहिनीचं जनुक चालू करून तिला आवरतं. ते बिघडलेल्या उंदरांत या पेशी जरा जास्तच उतावीळ होतात. कानात पोटॅशियम, इथेही पोटॅशियम. मला गंमत वाटली. सकाळी दरवळणारा वाळा दुपारी आपल्याला जाणवेनासा होतो, त्यामागे कुठे हाही हिशेब असेल का, असं मनात येऊन गेलं. या मुलाच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. बल्बच नव्हते.

खरी अडचण पुढेच होती. वयात आणणारी संप्रेरकं सुरू करणाऱ्या चेतापेशी गर्भात नाकापाशी जन्मतात आणि याच तंतूंना धरून मेंदूत शिरतात. वाटच मोडली तर त्या अडकतात. सॉक्स-10 मधल्या बिघाडाने बहिरेपणासोबत हेही होतं, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे हा मुलगा तेरा-चौदाचा झाला, तरी आपोआप वयात येईलच असं नाही. हार्मोन्स द्यावी लागतील. वेळेवर दिली तर उपाय आहे.

साडेचार वर्षांच्या लेकराच्या बापाला हे कसं सांगावं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. बालरोगतज्ज्ञाला फोन करून बोलावून घेतलं. त्याने तपासलं, तर एका बाजूचा वृषण खाली उतरलेला नव्हता. तीही याच संप्रेरकांच्या कमतरतेची खूण असू शकते. मग दोघांनी मिळून सांगितलं. गॅस गळला तर याला कळणार नाही, शिळं अन्न तुम्हीच बघून द्या, हे बापाला लगेच पटलं. दुसऱ्या गोष्टीवर तो गप्प झाला. आजीनेच विचारलं, "लगन होईन ना जी याचं?"

"होईल आजी. पण बाराव्या वर्षापासून डॉक्टरकडे न चुकता आणायचं."

तिने ते पदराच्या गाठीत बांधल्यासारखं दोनदा स्वतःशी म्हटलं. इम्प्लांटला आडकाठी नव्हती. रक्त तपासणीला पाठवलं आणि काही आठवड्यांनी अहवाल आला. सॉक्स-10 च. बिघाड मुलात नव्याने आलेला, आईबापात नाही.

त्या रात्री मी घरी उशिरा गेले. हार्ड डिस्कवरचे इम्प्लांटआधीचे माझे जुने स्कॅन उघडून बसले होते. रिपोर्ट सगळे कानाचे. सह्या माझ्या. बहुतेकांत नाकाचं छत कापांत आलेलंच नव्हतं. एकात, दहा वर्षांपूर्वीच्या, कडेला आलं होतं. तिथेही दोन्ही ठिपके नव्हते, आणि मी रिपोर्टात त्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

सकाळी नंबर शोधून फोन लावला. आईने उचलला. मुलगा आता पंधराचा. इम्प्लांट छान चाललंय, दहावीत आहे, खूप बोलतो, असं ती आनंदाने सांगत होती. मी विचारलं, "आवाज फुटला का त्याचा?"

"नाही हो मॅडम," ती हसत म्हणाली. "अजून लहान पोरासारखाच आहे."

"बुधवारी घेऊन येता का?"