कोलंबिया पाइकवरचा खांब

आमच्या कोपऱ्यावरचा विजेचा खांब परवा काढला. सकाळी साडेसातला मी बसथांब्यावर उभी होते. क्रेनने तो काळपट लाकडी खांब जुनी दाढ उपटावी तसा वर ओढला आणि ट्रकवर आडवा टाकला. थांब्यावरच्या सात-आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, खांब गेला तर एवढं काय त्यात?" तिला उत्तर देता देता अर्धा तास गेला, तरी गोष्ट पुरी झाली नाही. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

आम्ही राहतो ती आर्लिंग्टन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आणि तिथला कारभार बघणारी संस्थाही) अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी, वॉशिंग्टनच्या अगदी समोर. कोलंबिया पाइक हा तिथला जुना रस्ता. पाइक म्हणजे टर्नपाइक, टोल भरून जायचा रस्ता. पेंटॅगॉनपासून, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयापासून, तो पश्चिमेला जातो आणि काउंटीच्या हद्दीत त्याची लांबी साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरते. पुणेकरांनी स्वारगेट ते कात्रज एवढं अंतर डोळ्यांसमोर आणावं. आज पूर्वेच्या टोकाला जिथे राष्ट्रीय दफनभूमी आहे, तिथे १८६३ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स व्हिलेज नावाची वस्ती वसवली होती. पुढे ती उठवली, आणि तिथली बरीच कुटुंबं पाइकच्या आसपासच स्थिरावली. पाइकवरून जाणाऱ्या एका पुलाला २०१५ मध्ये त्या वस्तीचं नाव दिलं. मी त्याच्याखालून रोज जाते.

दुसऱ्या महायुद्धात पेंटॅगॉन उभं राहिलं आणि तिथल्या नोकरदारांसाठी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली विटांच्या चाळवजा इमारती झाल्या, मधे हिरवळ, झाडं. इथे त्यांना गार्डन अपार्टमेंट म्हणतात. मग घरोघरी मोटारी आल्या, आणि रस्त्याकडेला पेट्रोल पंप, मोठाली पार्किंगची मैदानं आणि त्यांच्या मागे बुटक्या दुकानांची रांग असं चित्र तयार झालं. पायी चालणाऱ्याला अरुंद फुटपाथ, आणि त्या फुटपाथच्या मधोमध खांब. बाबागाडी घेऊन निघालं की दर पन्नास पावलांवर रस्त्यात उतरावं लागायचं. माझी मुलगी लहान असताना मी हे दोन वर्षं केलंय, शेजारून बस जात असताना. टाळ्या कशासाठी होत्या ते आता कळलं असेल.

काउंटीच्या उत्तर भागात गोष्ट वेगळी घडली. तिथे मेट्रो महामार्गाच्या मधून न्यायचं घाटत होतं. स्थानिक लोकांनी आणि काउंटीने हट्ट धरून ती जुन्या बाजाररस्त्याच्या खालून नेली. १९७९ च्या डिसेंबरमध्ये रॉसलिन ते बॉलस्टन हा टप्पा सुरू झाला आणि स्टेशनांभोवती उंच इमारती, ऑफिसं, हॉटेलं, दुकानं उभी राहिली. पाइकला मेट्रो मिळालीच नाही. पैसा तिकडे गेला. पण भाडी इकडे कमी राहिली, आणि म्हणून जगभरातून आलेली माणसं इथे उतरली: एल साल्वाडोर, बोलिव्हिया, इथिओपिया, बांगलादेश, मंगोलिया. आमच्या २२२०४ या पिनकोडला लोक अभिमानाने 'एका पिनकोडमधलं जग' म्हणतात. एका फर्लांगात तुम्हाला बोलिव्हियाची सालतेन्या मिळते, आतून रसरशीत असलेली, करंजीसारखी मुरड घातलेली. त्याच रांगेत इथिओपियाची इंजेरा मिळते, आमच्या कोकणातल्या आंबोळीची थोरली बहीण शोभेल अशी, आंबवलेली आणि जाळीदार.

आता प्रश्न असा की अशा रस्त्यावर व्यापार वाढवायचा कसा, आणि वाढवताना या माणसांना हाकलून न लावता वाढवायचा कसा. माझ्या मते सगळी गोष्ट या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नात आहे.

दुकानदार, रहिवासी आणि जमीनमालक यांनी मिळून १९८६ मध्ये पाइकच्या पुनरुज्जीवनासाठी एक संस्था काढली. ती आजही कोलंबिया पाइक पार्टनरशिप या नावाने चालते. बरीच वर्षं बैठका, नकाशे, वाद झाले आणि २००३ मध्ये काउंटीने पाइकसाठी वेगळी बांधकाम नियमावली मंजूर केली. आपल्याकडची नियमावली एफएसआय (प्लॉटच्या मानाने बांधकाम) किती, मार्जिन (कडेची मोकळी जागा) किती, पार्किंग किती यावर चालते. पाइकची नियमावली आधी विचारते की इमारत रस्त्यावरून दिसणार कशी. इमारतीचा दर्शनी भाग फुटपाथच्या रेषेवरच आला पाहिजे. पुढे पार्किंगचं मैदान ठेवता येणार नाही, गाड्या मागे किंवा तळघरात. मुख्य चौकांत तळमजल्यावर दुकानंच हवीत, उंच छताची, काचेच्या दर्शनी खिडक्यांची. मजले साधारण तीन ते सहा. एवढं पाळणाऱ्या बिल्डरला परवानगीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नाहीत. लहान प्लॉटला ती महिन्याभरात मिळेल अशी व्यवस्था केली. सक्ती नव्हती, जुन्या नियमांनी बांधायचं तर तेही खुलं होतं. पण वेळ म्हणजे पैसा हे बिल्डरला सांगावं लागत नाही.

बांधकामं सुरू झाली. वॉल्टर रीड ड्राइव्हच्या चौकाच्या आसपास जिथे मोकळं डांबर होतं, तिथे आता चौथरा, कारंजं, झाडाखाली बाक आहेत आणि रविवारी सकाळी शेतकरी बाजार भरतो. शेजारी १९४० च्या सुमाराचं जुनं थिएटर आहे, तिथे टेबलाशी बसून जेवता जेवता सिनेमा बघतात. तेवढा एक चौक तरी संध्याकाळी माणसांनी फुललेला असतो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. नव्या इमारतींतले काही गाळे कितीतरी दिवस काचांना कागद लावून रिकामे पडून होते. नवीन गाळ्याचं भाडं जुन्या दुकानदाराला झेपत नाही, आणि मोठ्या साखळी दुकानांना पाइकवरचा गिऱ्हाईक पुरेसा श्रीमंत वाटत नाही. 'दुकान' या शब्दाची व्याख्या आधी फार आवळलेली होती. पुढे ती सैल केली, तेव्हा गाळे भरू लागले. नियम लिहिणाऱ्याने हे सुरुवातीलाच आमच्या कोपऱ्यावरच्या इथिओपियन बेकरीवालीला विचारायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

मग ट्रामची कथा. मेट्रो नाही तर निदान पाइकवरून ट्राम धावावी असं २००६ मध्ये ठरलं. रूळ टाकले की गुंतवणूकदाराला भरवसा येतो, बसचा मार्ग उद्या बदलू शकतो, हा त्यामागचा विचार. आकडा फुगत फुगत तीस कोटी डॉलरच्या वर गेला. त्यातच २०१३ मध्ये एका नमुन्याच्या बसथांब्यावर दहा लाख डॉलर खर्च झाल्याचं बाहेर आलं, आणि त्या थांब्याच्या छपराखाली पावसात माणूस भिजायचा! लोक भडकले. २०१४ च्या निवडणुकीत ट्रामविरोधी उमेदवार दणदणीत मतांनी आला आणि त्याच नोव्हेंबरात काउंटीने ट्राम रद्द केली. मी इथे आले त्यानंतर दोन वर्षांनी. तरी बसमध्ये कुणी जुना रहिवासी भेटला की तो वाद अजूनही उकरून निघतो. एका आजोबांनी मला सांगितलं की त्या वर्षी शेजारच्या घराशी त्यांचं बोलणंच बंद झालं होतं.

माझं मत विचाराल तर, ट्राम गेल्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख याचं आहे की तिच्या वाटेकडे डोळे लावून आठ वर्षं गेली आणि रोज बसने जाणारी हजारो माणसं तशीच ताटकळत राहिली. पाइक हा व्हर्जिनियातल्या सर्वांत गजबजलेल्या बसमार्गांपैकी एक. पहाटे पाचच्या बसमध्ये हॉटेलांत, इस्पितळांत सफाईला जाणाऱ्या बाया डुलक्या काढत असतात. त्यांच्या खिशातल्या पैशावरच तर पाइकची दुकानं चालतात.

ट्राम रद्द झाली तरी रस्त्याचं काम थांबलं नाही. त्याआधीच, २०१० मध्ये, राज्याने हा रस्ता काउंटीच्या ताब्यात दिला होता. तुकड्या-तुकड्याने काम चाललंय: जुनी पाण्याची लाइन बदलायची, तारा जमिनीखाली घालायच्या, फुटपाथ रुंद करायचा, झाडं लावायची. वेळ सगळ्यात जास्त तारांना लागतो. खांब एकच, पण त्यावर वीज कंपनीच्या, टेलिफोनच्या, केबलच्या, इंटरनेटच्या तारा. जमिनीखाली नळ्या टाकून झाल्या तरी प्रत्येक कंपनीने येऊन आपापली तार खाली नेईपर्यंत खांब हलत नाही, आणि एकाचं झाल्याशिवाय दुसरा येत नाही. नवा फुटपाथ तयार आणि त्याच्या मधोमध एकच तार धरून उभा असलेला खांब, असं दृश्य आम्ही महिनोन्महिने बघितलं.

या खोदकामाच्या काळात त्या इथिओपियन बेकरीच्या दारात मी उभी होते, तो दिवस आठवतो. समोर नारिंगी पिंपांची रांग, तिच्या पलीकडे माणूसभर खोल चर. मुकादमाने दाराशी लोखंडी पत्रा टाकून दिला होता, पण तो दारापासून हातभर लांब. दुकानवाल्या बाईंनी आतून एक लाकडी फळी आणली, पायाने दाबून बघितली, मग त्यावर जुनी चादर घडी करून अंथरली, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचा पाय घसरू नये म्हणून. मला म्हणाल्या, "रस्ता चांगला होणार हे मला माहीत आहे. पण तोवर मी टिकले पाहिजे ना." नंतर काउंटीकडून 'दुकाने सुरू आहेत' असे मोठे फलक लागले, कुठला तुकडा कधी खणणार याची पत्रकं स्पॅनिश आणि इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतही आली. बाई टिकल्या. त्यांच्या पलीकडचं शिंप्याचं दुकान टिकलं नाही. त्याचं कारण नुसतं खोदकाम होतं की वाढतं भाडं, की वय, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण चर खणलेला असताना त्याच्या काचेवर 'बंद' ची पाटी लागली एवढं मी पाहिलं.

तेव्हा मला सदाकाकांचं दुकान आठवलं. आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडरोडवर त्यांचं किराणामालाचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला, छान गुळगुळीत झाला. पण दुकानापुढचा ओटा गेला, आणि मधे कंबरभर दुभाजक आला, अर्धा किलोमीटर खंड न पडता. समोरच्या आळीतली निम्मी गिऱ्हाइकं तुटली. काका म्हणायचे, "रस्ता झाला, पण वाट गेली." गाड्या आता भरधाव जातात, थांबत कुणी नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर संभाजी बागेसमोर मोठे फुटपाथ आणि बसायला जागा केल्या, तेव्हा सुट्टीत मी आणि आई मुद्दाम तिथे जाऊन बसलो होतो. तिथे संध्याकाळी जी गर्दी दिसली, ती पाहून काकांना बरं वाटलं असतं.

राहता राहिला घरांचा प्रश्न. रस्ता सुधारला की भाडी चढतात आणि ज्यांच्यामुळे रस्त्याला चव आली तेच बाहेर फेकले जातात. त्यासाठी काउंटीने २०१३ मध्ये जुन्या वसाहतींसाठी दुसरी नियमावली केली: जास्त बांधायचं तर काही घरं परवडणाऱ्या भाड्यात द्या. आणि २०२१ मध्ये सर्वांत मोठं पाऊल पडलं. बारक्रॉफ्ट अपार्टमेंट्स ही पाइकवरची १,३३४ घरांची जुनी वसाहत विकायला निघाली, तेव्हा काउंटीने १५ कोटी डॉलर कर्ज दिलं, शेजारीच नवं मुख्यालय बांधणाऱ्या ॲमेझॉनने १६ कोटी दिले, आणि विकत घेणाऱ्या विकासकाने ती घरं ९९ वर्षं परवडणाऱ्या भाड्यात ठेवायचं कबूल केलं. पैसा फार मोठा आहे आणि त्यावर टीकाही झाली. मी मात्र तो खर्च रस्त्याच्या खर्चातच धरते. बारक्रॉफ्टमधली कुटुंबं उठली असती, तर रुंद फुटपाथवरून चालत बेकरीत जाणार कोण होतं?

काम अजून पश्चिमेकडे बाकी आहे. आमच्या कोपऱ्यापासून पुढच्या सिग्नलपर्यंत खांब तसेच उभे आहेत, एकावर तर चार तारा लोंबतात. काल दुकानवाल्या बाईंनी नव्या फुटपाथवर दोन छोटी टेबलं मांडली, जिथे तो खांब होता बरोबर तिथे. एका टेबलाचा पाय नवीन काँक्रीटच्या चौकोनावर, रंग अजून बाकीच्यापेक्षा उजळ. मी कॉफी घेतली, मुलीने गोड पाव घेतला, आणि आमची बस येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.